घटक ४ : पाटीचे अक्षर — रंग, काचनळी आणि ठिपका

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• दुकानाची पाटी हा अभ्यासयोग्य भाषिक मजकूर कसा ठरतो, हे सांगता येईल.
• निऑन पाटीची घडण आणि ती घडवणाऱ्या एका शंभर वर्षांच्या कंपनीचा इतिहास थोडक्यात मांडता येईल.
• लेखनसाधन बदलले की देवनागरी अक्षरावर कोणते परिणाम होतात, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• आपल्या गावातील पाट्यांची नोंद घेऊन त्यांचे भाषिक विश्लेषण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण हस्तलिखित आणि मुद्रित मराठीचा विचार केला. या घटकात पुस्तक मिटून रस्त्यावर यायचे आहे. फैजपूरसारख्या गावात संध्याकाळी बाजारातून जाताना आपण किती मजकूर वाचतो, याचा कधी हिशेब केला आहे का? किराणा, कृषी सेवा केंद्र, फ्रूटसेल सोसायटी, भरीत सेंटर, दवाखाना, झेरॉक्स अशी शंभरेक नावे नजरेखालून जातात. दिवसभर एकही पुस्तक न उघडणारा माणूसही पाट्या वाचतो. लिखित मराठीशी बहुसंख्य लोकांचा रोजचा संबंध असा पाटीवरून येतो, आणि तरीही अभ्यासक्रमात पाटीला क्वचितच जागा मिळते.

फैजपूरच्या इतिहासातच या विषयाचा एक धागा आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तेथील सजावटीचे काम शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी पाहिले आणि त्यासाठी बांबूसारखे साधे, गावात मिळणारे साहित्य वापरले. गावाची दर्शनी बाजू कशी दिसेल हे तेथे साहित्यावरून ठरले. पाटीच्या अक्षराचेही तसेच आहे. ते कशाने लिहिले यावर त्याचे रूप बरेचसे ठरते. पण एकदा लिहिलेले अक्षर टिकते ते त्याची जबाबदारी कोणीतरी घेतली तरच. या दोन विधानांचा पडताळा आपल्याला या घटकात घ्यायचा आहे.

४.२ पाटी, फलक आणि बोर्ड

प्रथम शब्द पाहू. 'पाटी' हा शब्द संस्कृत 'पट्टिका'पासून आलेला आहे. 'ताम्रपट' या शब्दातील 'पट'ही त्याच कुळातला. मुलाची दगडी पाटी, घरावरची नावाची पाटी, दुकानाची पाटी या सर्व अर्थांमागे 'लिहिण्याचा सपाट पृष्ठभाग' ही एकच कल्पना आहे.

याच वस्तूला शासकीय मराठीत 'नामफलक' म्हणतात आणि बाजारात 'बोर्ड'. हे तीन शब्द समानार्थी असले तरी अदलाबदलीचे नाहीत. "दुकानाला बोर्ड लावला" असे दुकानदार म्हणतो, "नामफलक लावण्यात यावा" असे परिपत्रक म्हणते, आणि "दारावरची पाटी" असे घरातला माणूस म्हणतो. वस्तू एक, पण प्रसंगानुसार शब्द वेगळा. यालाच आपण भाषेचा प्रसंगभेद म्हणतो.

४.३ रंगाची पाटी

फ्लेक्स येण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या गावात एक तरी 'पेंटर' असे. तुमच्यापैकी काहींच्या घरात हा व्यवसाय असेल, तर पुढील वर्णन तुम्हीच माझ्यापेक्षा चांगले सांगाल. पत्र्याला आधी अस्तराचा रंग देत, मग जमिनीचा रंग. खडूत भिजवलेले सूत ताणून सोडले की सरळ रेघ उमटे. त्या रेघेवर शिरोरेषा बसे. अक्षरे खडूने आखत आणि चपट्या ब्रशने रंगवत. शेवटी अक्षराला एका बाजूने छाया देत आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत आपल्या 'आर्ट्स'चे नाव टाकत.

कोपऱ्यातली ही सही अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाटीला कर्ता होता. अक्षर चुकले तर लोक त्याच्याकडे बोट दाखवत. त्यामुळे पेंटर हा अक्षरकाराबरोबरच अनेकदा गावाचा मुद्रितशोधकही असे. 'शुभ' मधला उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे दुकानदार त्यालाच विचारी.

४.४ काचनळीतला उजेड

१८९८ मध्ये लंडन येथे विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून एक नवा वायू वेगळा केला. ग्रीक भाषेतील 'नवा' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'निऑन' हे नाव मिळाले. हा वायू हवेत अत्यल्प आहे. एक लाख लिटर हवेत तो सुमारे दोन लिटर भरतो. फ्रान्समधील जॉर्ज क्लोद हवा द्रवरूप करण्याचा उद्योग करीत होते. त्यांना हा वायू जोडउत्पादन म्हणून मिळू लागला. १९१० मध्ये पॅरिस येथील मोटारींच्या प्रदर्शनात त्यांनी निऑनच्या नळ्या प्रथम झळकवल्या. पुढच्या दोन दशकांत हा उजेड जगभरच्या बाजारपेठांत पोहोचला.

निऑनची पाटी कशी बनते, हे समजल्याशिवाय तिच्या अक्षराचा विचार करता येणार नाही. कारागीर आधी अक्षर पूर्ण आकारात कागदावर उलटे, म्हणजे आरशात दिसेल तसे काढतो. काचेची नळी ज्योतीवर मऊ करून त्या रेषेबरहुकूम वाकवतो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून एका टोकाला लावलेल्या रबरी नळीतून हळूच फुंकर घालत राहतो. दोन्ही टोकांना विद्युतधारक बसवतात, आतली हवा पंपाने काढून घेतात आणि उच्च दाबाचा विद्युतप्रवाह सोडून नळी आतून शुद्ध करतात. मग थोडा वायू भरून ती कायमची बंद करतात. शुद्ध निऑनचा उजेड नारिंगी-तांबडा असतो. निळ्या उजेडासाठी आर्गॉन वायू आणि पाऱ्याचा थेंब वापरतात. इतर रंग नळीच्या आतल्या लेपामुळे किंवा रंगीत काचेमुळे मिळतात. म्हणजे बोलीभाषेत आपण ज्या सगळ्यांना 'निऑन' म्हणतो, त्यांतल्या अनेकांत निऑन नसतोच. शब्दाचा अर्थविस्तार कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. विजेचा प्रवाह नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. त्यामुळे रेषा मध्येच तोडता येत नाही. दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा हवी असेल, तर नळीचा तेवढा भाग मागे वळवून काळ्या रंगाने झाकावा लागतो. ब्रश उचलता येतो, काचनळी उचलता येत नाही.

४.५ एका पाटीकाराची शंभर वर्षे

मराठी मुलखातील पाटीकारांच्या पेढ्यांचा इतिहास अजून कोणीतरी लिहायचा आहे. तो लिहिताना समोर नमुना असावा म्हणून आपण एका परदेशी कंपनीकडे पाहू. तिची वाटचाल रंगाच्या पाटीपासून ठिपक्यांच्या पडद्यापर्यंत सलग दिसते.

थॉमस यंग हा मुलगा इंग्लंडमधील संडरलंडहून १९१० मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी आला. पाट्या रंगवण्याचे काम शिकला. १९२० मध्ये वडिलांकडून ३०० डॉलर उसने घेऊन त्याने स्वतःचे दुकान काढले. तीच पुढे 'यंग इलेक्ट्रिक साइन कंपनी' झाली. दुकानांच्या काचांवर सोन्याच्या वर्खाची अक्षरे आणि भिंतीवरच्या रंगवलेल्या जाहिराती ही तिची सुरुवातीची कामे. म्हणजे आपल्या पेंटरपेक्षा तो फारसा वेगळा नव्हता.

निऑन आल्यावर यंगने ती कला आत्मसात केली. नेवाडा प्रांताने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, जवळच हूवर धरणाचे काम सुरू झाले, आणि वाळवंटातल्या लास व्हेगास या लहान गावी माणसांचा ओघ लागला. रात्रीच चालणाऱ्या धंद्याला रात्री दिसणारी पाटी हवी होती. यंगने हे ओळखले. १९५१ मध्ये या कंपनीने 'पायोनियर क्लब'साठी उभारलेली, सुमारे ४० फूट उंचीची, हात हलवणाऱ्या गुराख्याची निऑन आकृती त्या शहराची ओळख बनली.

तथापि ही कंपनी टिकली ती केवळ भव्यतेमुळे नव्हे. तिने अनेक पाट्या विकल्या नाहीत, भाड्याने दिल्या. दुकानदाराने दरमहा भाडे द्यायचे आणि पाटी उजळत ठेवण्याची जबाबदारी कंपनीने घ्यायची, असा हा करार. नळी फुटली, अक्षर विझले, तर ते कंपनीचे काम. लास व्हेगासच्या वेशीवरील प्रसिद्ध स्वागतफलक १९५९ मध्ये बेटी विलिस या चित्रकर्तीने दुसऱ्या एका कंपनीसाठी रेखाटला होता. त्याची देखभालही पुढे यंग कंपनीकडे आली. उतरवलेल्या जुन्या पाट्या कंपनीच्या आवारात साठत गेल्या. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील निऑन संग्रहालयाला त्यांतल्या अनेक मिळाल्या. संस्थापक १९७१ मध्ये वारले. कंपनी आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि काचनळीबरोबर एलईडीचे पडदेही बनवते.

या इतिहासातून आपल्या विषयापुरते एकच सूत्र घेऊ. साधन बदलत गेले : वर्ख, रंग, नळी आणि ठिपका. टिकली ती देखभालीची जबाबदारी.

> स्वयंअध्ययन प्रश्न १ : निऑनच्या पाटीतील रेषा ब्रशच्या रेषेपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी असते? तीन-चार वाक्यांत लिहा.

४.६ देवनागरी अक्षर आणि काचनळी

आता मूळ भाषिक प्रश्नाकडे येऊ. रोमन लिपीचे जोडअक्षरी वळण नळीला सोयीचे असते. एकाच ओघात पूर्ण शब्द वाकवता येतो. देवनागरीचे तसे नाही. तिची अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. नळीला प्रत्येक अक्षरासाठी खाली उतरून पुन्हा वर यावे लागते. वेलांटी, मात्रा, अनुस्वार ही चिन्हे वर, उकार खाली, आणि रफार तर डोक्यावर. म्हणून देवनागरीत निऑनची पाटी करताना कारागिरासमोर मुख्यतः तीन वाटा असतात.

पहिली, शिरोरेषा गाळणे. दुसरी, सर्व शब्दावर एकच सरळ शिरोरेषा वेगळ्या नळीने टाकणे. तिसरी, पत्र्याची पेटीसारखी अक्षरे कापून नळी त्यांच्या आत ठेवणे. तिसऱ्या वाटेत अक्षराचा आकार पत्रा सांभाळतो आणि नळी फक्त उजेड देते.

पहिल्या दोन वाटांत अर्थाला धोका आहे. तो कसा, हे पाहा. 'भ' आणि 'म', तसेच 'ध' आणि 'घ' या जोड्यांत फरक दाखवणारी खूण वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. तेथे 'भ' आणि 'ध' यांची शिरोरेषा तुटलेली असते आणि अक्षराला लहानशी गाठ असते. 'म' आणि 'घ' यांची शिरोरेषा सलग असते. आता कारागिराने 'भरीत' या शब्दावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ नळी टाकली, तर दुरून तो शब्द 'मरीत' वाचला जाण्याचा संभव आहे. 'धान्य भांडार' हे 'घान्य मांडार' होते. ज्या परिसरात बामणोदच्या वांग्याचे भरीत लोक कौतुकाने खातात, तेथे हा विनोद हॉटेलमालकाला परवडणारा नाही.

भाषाविज्ञानात आपण 'भेदक लक्षण' ही संज्ञा ध्वनींसाठी वापरतो. 'प' आणि 'फ' यांत महाप्राणत्व हे भेदक लक्षण आहे. तसेच लिपीतही भेदक लक्षणे असतात. शिरोरेषेतील बोटभर खंड हे 'भ'चे भेदक लक्षण आहे. जो कारागीर मराठी वाचतो, तो हा खंड राखतो. जो केवळ आकृती पाहून नळी वाकवतो, त्याला तो दोष वाटू शकतो आणि तो 'दुरुस्त' करून टाकतो.

येथे मोडी लिपीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मोडीत लेखक आधी पानभर शिरोरेषा आखत आणि मग टाक कमीत कमी उचलत ओघाने लिहीत. सलग रेषेची सवय आपल्या परंपरेला परकी नव्हती. विजेचे अक्षर आले तेव्हा सार्वजनिक मराठी देवनागरीत स्थिरावली होती, एवढेच.

४.७ ठिपक्यांची पाटी आणि संगणकाचे अक्षर

विजेची सुरुवातीची पाटी बल्बांची होती, म्हणजे ठिपक्यांची. निऑनने ठिपक्याची रेषा केली. एलईडीने रेषेचा पुन्हा ठिपका केला. रोमन अक्षरे उभ्या सात ठिपक्यांत वाचनीय बसतात. देवनागरीला वरची चिन्हे, मधले अक्षर आणि खालची चिन्हे असे तीन मजले लागतात, म्हणून ठिपक्यांच्या ओळी बऱ्याच अधिक हव्यात. कमी ओळींचा स्वस्त पडदा घेतला की प्रथम बळी जातो तो उकार आणि अनुस्वार यांचा. सरकत्या पाट्यांवर जोडाक्षरे सुटी होऊन 'विद्यालय'मध्ये 'द'चा पाय मोडलेला दिसतो, किंवा पहिली वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाऊन बसते, हे तुम्ही पाहिले असेल.

यामागे लिपीचा दोष नाही. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोज प्रणालीसाठी 'मंगल' हा देवनागरी टंक रेखला, तेव्हा जोडाक्षरांसह मराठी संगणकावर नीट दिसू शकते हे सर्वांना अनुभवता आले. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. अक्षर जाणणारा माणूस साधनाच्या मागे उभा असला की साधन मराठीला वश होते, हे या दोघांच्या कामातून दिसते.

आता आपल्याच रस्त्यावरचे एक उदाहरण घ्या. फैजपूर हे बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावरचे गाव. 'बऱ्हाणपूर' या शब्दातील आडव्या अर्ध्या 'र'चे चिन्ह मराठीचे वैशिष्ट्य आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द त्या एका चिन्हाने वेगळे राहतात. संगणकावर हे चिन्ह कोणत्या कळांनी उमटते हे ठाऊक नसेल, तर फलकावर 'बर्हाणपूर' उमटते. सीमेपलीकडे हिंदीत तेच नाव 'बुरहानपुर' असे लिहितात. एका गावाची तीन रूपे एकाच रस्त्यावर वाचायला मिळतात. यांतले तिसरे दुसऱ्या भाषेचे आहे, चूक नव्हे. दुसरे मात्र केवळ कळफलकाच्या अज्ञानातून आलेले आहे. अभ्यासकाने हा भेद करायला शिकले पाहिजे.

फ्लेक्सने आणखी एक बदल केला. कोपऱ्यातली सही गेली. मजकूर एकाने मोबाइलवरून पाठवला, दुसऱ्याने टंकित केला, यंत्राने छापला, तिसऱ्याने टांगला. चूक कोणाची, हे विचारायला कर्ताच उरला नाही.

४.८ कायदा काय करू शकतो?

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७चा अधिनियम २०२२ मध्ये सुधारण्यात आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी, देवनागरी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, अशी तरतूद झाली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. दुसरीकडे, एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा निर्णय दिला. पाटीवर मराठी असलीच पाहिजे आणि तिच्या शेजारी दुसरी भाषा नांदू शकते, असे हे दोन निर्णय एकत्र वाचता येतात.

कायदा लिपी पाहू शकतो, आकार मोजू शकतो. अक्षर बरोबर आहे का, शब्द आपला आहे का, हे तो पाहू शकत नाही. 'न्यू फॅशन कलेक्शन' देवनागरीत लिहिले की कायद्याचे समाधान होते. याचा अर्थ अशा पाट्यांची टर उडवावी असा नव्हे. 'भरीत सेंटर', 'मोबाईल शॉपी' हे शब्द लोकांनी घडवले आहेत, आणि 'शॉपी' हे रूप तर इंग्रजी बाजारापेक्षा मराठी बाजारातच अधिक भेटते. अभ्यासकाने आधी नोंद करावी, मग मत द्यावे. एक निरीक्षण मात्र जरूर करा. पाटीखालचा व्यवहार लेवा बोलीत किंवा अहिराणीत चालतो. पाटीवर ती बोली जवळजवळ नसते. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी अशा खाद्यपदार्थांच्या नावांतूनच स्थानिक जीवन पाटीवर डोकावते. असे का होत असावे?

> स्वयंअध्ययन प्रश्न २ : 'कायदा पाटीची लिपी ठरवू शकतो, भाषा नाही.' या विधानाची चर्चा तुमच्या गावातील दोन उदाहरणांच्या आधारे करा.

४.९ सारांश

पाटी हा लोकांनी सर्वाधिक वाचलेला मराठी मजकूर आहे. ब्रश, काचनळी आणि ठिपका या साधनांनी देवनागरीपुढे वेगवेगळ्या अडचणी उभ्या केल्या. शिरोरेषा, उकार, जोडाक्षर आणि आडवा अर्धा 'र' या जागी त्या ठळक दिसतात. यंग कंपनीच्या इतिहासावरून दिसते की पाटी लावल्यानंतरही तिची जबाबदारी घेणारा असला तर अक्षर पिढ्यान्‌पिढ्या उजळत राहते. मराठी पाटी लावण्याची सक्ती कायद्याने केली आहे. तिच्या अक्षराची राखण करणारा माणूस कायदा देऊ शकत नाही.

मित्रहो, ही पदवी घेऊन पुढे काय, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. नोकरी, शेती, दुकान, संसार सांभाळून तुम्ही मराठी शिकत आहात. तुमच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात छापण्यापूर्वी मजकूर वाचून देणारा जाणकार बहुधा नाही. पेंटरची ती जुनी जागा रिकामी आहे. ती भरण्याची पात्रता तुमच्याकडे आहे.

४.१० क्षेत्रीय कार्य

१. आपल्या गावातील मुख्य रस्त्यावरील २० पाट्यांची नोंद करा. प्रत्येकीसाठी साधन (रंग, फ्लेक्स, पेटी-अक्षर, निऑन, एलईडी), लिपी, भाषा आणि आढळलेली लेखनदोषांची ठिकाणे लिहा.
२. त्यांतील दोष 'साधनामुळे आलेले' आणि 'अज्ञानामुळे आलेले' अशा दोन गटांत विभागा. वर्गीकरणाचे कारण प्रत्येकी एका वाक्यात द्या.
३. जुन्या पेंटरशी किंवा पाटीकाराशी बोलून त्यांच्या व्यवसायातील किमान दहा शब्द त्यांच्याच उच्चारानुसार टिपून घ्या. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय नाव लिहू नये.
४. रंगाची एखादी जुनी पाटी आढळल्यास तिचे छायाचित्र काढून ठेवा. पुढच्या वर्षी ती जागेवर असेलच, असे धरून चालू नका.